नानांची पोहोच

"कुत्रा कुणाकडे ठेवणार?" हा प्रश्न आमच्या सोसायटीत हल्ली "तिकिटं काढली का?"च्या आधी विचारतात. कोथरूडमधल्या आमच्या तीन इमारतींत मिळून माणसं किती, हे चिटणीसांनाही छातीठोकपणे सांगता यायचं नाही. पण कुत्री १९, मांजरं ११, माशांच्या टाक्या ४ आणि कासव १, हा हिशेब नानांना तोंडपाठ आहे. आणि दिवाळीची सुट्टी लागली की हे सगळे जीव एका दिवसात पोरके होतात.

पूर्वी गावाला जाताना शेजारी किल्ली द्यायची, तुळशीला पाणी घाला म्हणायचं, मांजर आलं तर वाटीभर दूध ठेवा म्हणायचं, आणि परत आल्यावर पुडीभर आमसुलं त्यांच्या हातावर ठेवायची. शेजारधर्म तेवढ्यात फिटायचा. आता अडचण एवढीच, की आपण निघतो त्याच गाडीला शेजारीही असतो. शेजारधर्म पाळायला शेजारी घरात तर हवा! म्हणून हल्ली प्रत्येक सोसायटीत पैसे घेऊन शेजारी होणारा एक माणूस तयार झाला आहे. कुठे तो खिशात बिस्किटं घेऊन हिंडणारा कॉलेजातला मुलगा असतो, कुठे वॉचमनची बायको असते, कुठे नोकरी सोडून 'पेट सिटर' अशी कार्डं छापून घेतलेली मुलगी असते. आमच्या वाट्याला नाना आले. नाना म्हणजे निवृत्त पोस्टमन.

पोस्टमन आणि कुत्री! म्हणजे मुंगसाने नागांचं पाळणाघर काढावं तशातली गत. ३७ वर्षं ज्यांनी आपली सायकल धड चालवू दिली नाही, त्यांनाच म्हातारपणी मांडीवर घेऊन बसायचं, याला सूड म्हणावं की पेन्शन, हे आम्हाला ठरवता आलेलं नाही. नानांना विचारलं तर म्हणतात, "इतकी वर्षं ती माझ्यामागे फुकट धावली. आता मी त्यांच्यामागे दिवसाला ४०० रुपये घेऊन धावतो. शहाणा कोण?"

नाना अंगाने वाळक्या शेंगेसारखे. चालताना डावा खांदा किंचित खाली, कारण तिथे आयुष्यभर झोळी होती. आता त्या खांद्यावर चार-पाच पट्टे लोंबत असतात. त्यांच्या बैठकीत देवांच्या तसबिरींच्या खाली एक छोटी चौकट आहे. तीत टपाल खात्याने २००५ साली काढलेली चार तिकिटं आहेत: हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, राजापलायम आणि आपल्या शेजारचा मुधोळ हाउंड. ती दाखवताना नाना सांगतात, "आम्हाला चावणाऱ्यांची खात्याने तिकिटं काढली. पण त्यांच्या तोंडावर शिक्का मारायचं काम आमच्याकडेच ठेवलं. खातं न्यायी होतं."

चावण्याबद्दल ते तज्ज्ञ म्हणून बोलतात. १९८६ साली एका वाड्याच्या दिंडी दरवाजात त्यांच्या पोटरीचा लचका निघाला. मनिऑर्डर मात्र त्यांनी आधी पोहोचवली. त्या काळी बेंबीभोवती १४ इंजेक्शनं घ्यावी लागत. ती जुनी लस २००४ नंतर आपल्याकडे बंद झाली आणि दंडातली आली. तरी नाना अजून जेवताना पोटावरून हात फिरवतात. त्यामुळे कुणी "आमचा टफी अगदी गरीब आहे हो" म्हणून कुत्रा पुढे केला की नाना आधी हात पुढे करतात तो लसीच्या कार्डासाठी. "गरीब आहे ना? मग कार्ड दाखवायला लाजतो कशाला?" रेबीजची तारीख उलटली असेल तर जनावर परत. आणि ओरखडा निघाला तर हळद-चुना काही नाही. नळाखाली साबण लावून घड्याळात १५ मिनिटं जखम धुवायची, मग तडक डॉक्टर. हे ते सोसायटीतल्या पोरांकडून पाढ्यासारखं म्हणून घेतात.

कार्ड पसंत पडलं की रजिस्टर निघतं. खात्याने रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन केलं. नानांनी आपलं रजिस्टर चालू ठेवलं आहे. त्यात प्रत्येक जनावराचा सहा आकडी पिन कोड असतो. पिन कोड ही नानांची भक्तीची जागा. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी आणि वर संस्कृतचे पंडित, हे सांगताना नाना खुर्चीत ताठ होतात. "पहिल्या आकड्याने विभाग, पहिल्या तिघांनी छाननीचा जिल्हा, शेवटच्या तिघांनी पोस्ट ऑफिस. एवढ्या मोठ्या देशात पत्र चुकायचं नाही, तर तीन इमारतींत कुत्रा कसा चुकेल?" म्हणून पहिला आकडा इमारतीचा, पुढचे तीन फ्लॅटचे, पाचवा जातीचा (कुत्रं १, मांजर २, इतर ३) आणि सहावा स्वभावाचा. शून्य म्हणजे गाय. नऊ म्हणजे नानांनाही जागा नाही.

आमच्या बंड्याचा नंबर २३०४१६ लागला. बंड्या अस्सल गावठी, म्हणजे हल्लीच्या भाषेत 'इंडी'. मी जरा दुखावून विचारलं, "नाना, सहा कसे? तो चावत नाही."

"चावत नाही," नाना म्हणाले. "पण विचार करतो."

यानंतर दराचा विषय. मराठी माणसाला ओळखीच्या माणसाशी पैशाचं बोलायची चोरी. तो पाकीट मागे लपवतो, "आता तुम्हाला काय सांगायचं नाना," म्हणतो, मग "तुम्ही काय, घरच्यासारखेच," असं म्हणतो. नाना तिथेच अडवतात. "घरच्यासारखं म्हटलं की पैसे बुडाले. कुत्रा माझ्या घरी राहणार असेल तर ४००, मी तुमच्या घरी दोनदा येणार असेन तर २५०, दिवाळीत दीडपट. आणि येताना काय आणायचं ते आणा. चिक्की वेगळी, हिशेब वेगळा." शेवटचं वाक्य एका लोणावळ्याहून परतलेल्या कुटुंबामुळे जन्माला आलं. त्यांनी तीन दिवसांच्या कुत्र्याचा मोबदला म्हणून शेंगदाण्याची चिक्की दिली होती, आणि नानांच्या तोंडात वरची कवळी आहे.

खरी कसोटी असते ती मालकांची. कुत्र्याचा पट्टा देताना मालकीणबाई चार पानी सूचनापत्र देतात. लॅमिनेट केलेलं. बी-४०२ मधल्या ब्रूनोचं तर अनुक्रमणिकेसह होतं. सकाळी ६.४० ला फेरी, ७.१० ला भात आणि उकडलेलं चिकन, दुपारी गाजराचे दोन तुकडे, झोपताना पाठीवरून हात 'डावीकडून उजवीकडे'. नानांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुमचे सासरे मागच्या वर्षी आठ दिवस माझ्या शेजारी राहिले होते. त्यांच्या गोळ्यांचा कागद असा होता का हो?" बाई गप्प. चिकनचा प्रश्न मात्र अवघड होता. नानांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बाहेर असतो. तडजोड म्हणून गॅलरीत एक वेगळी शेगडी आली. काकू तिला 'कॅन्टोन्मेंट' म्हणतात आणि तिकडे बघतही नाहीत. पण नाना बाहेरगावी गेले असताना चिकन शिट्टी होईपर्यंत उकडलं कुणी, या प्रश्नाला त्या घरात उत्तर मिळत नाही.

लोक कुत्र्याला सांगतात, "आजोबांकडे राहायचं हं शहाण्यासारखं." या हिशेबाने नानांना १९ नातवंडं आहेत. काकूंची एकच तक्रार. "माझ्या टायफॉइडमध्ये यांनी थर्मामीटरला हात लावला नाही. आणि त्या लॅब्राचा ताप रात्री दोनदा बघितला!" ते खरं आहे. पहिल्याच महिन्यात नानांनी ब्रूनोला थर्मामीटर लावला. पारा १०१.५ वर. नाना घाबरले, रात्री साडेअकराला डॉक्टरांना उठवलं. डॉक्टर म्हणाले, "नाना, कुत्र्याचं अंग १०१ ते १०२ असंच असतं. त्याला झोपू द्या आणि मलाही." तेव्हापासून त्या घरात थर्मामीटर दोन झाले. कुठला कुणाचा, हे लिहून ठेवलं आहे.

दुसरी पिढी सूचनापत्रावर विश्वास ठेवत नाही, ती कॅमेरा लावते. नाना एका घरी मांजराला खायला घालायला गेले. खाली वाकले तोच भिंतीतून आवाज आला, "काका, तिला थोडं बाजूला घ्या ना, दिसत नाहीये." नानांनी उठून भिंतीला नमस्कार केला. मांजर पलंगाखाली गेलं ते तीन तास बाहेर आलं नाही. मालक सिंगापुरात, आवाज पुण्यात, मांजर पलंगाखाली आणि नाना जमिनीवर आडवे. एवढा विस्तृत कारभार टपाल खात्यातही त्यांनी केला नव्हता. आता घरात शिरल्याबरोबर ते कॅमेऱ्यासमोर उभे राहून नाव, वेळ आणि कामाचं स्वरूप सांगतात आणि त्याच्यावर आपली टोपी घालतात.

मांजरांना ते आपल्या घरी आणत नाहीत. कुत्रं माणसाला धरून असतं, मांजर घराला. म्हणून मांजराकडे नाना जातात आणि मांजर त्यांना हॉटेलातल्या पोऱ्यासारखं वागवतं: ताट ठेव आणि नीघ. माशांच्या बाबतीत ते कंजूष. चिमूटभर खाणं, तेही दिवसाआड. "मासा उपाशी मरत नाही, मायेने मरतो. न खाल्लेलं कुजतं, पाणी नासतं आणि मग तुम्ही मला विचारता." कासव ठेवून घेताना त्यांनी मालकाला विचारलं, "हे ३० वर्षंसुद्धा जगतं, माहीत आहे ना? तुमच्या फ्लॅटच्या कर्जापेक्षा जास्त. घेताना मुदत बघितली होती का?"

फक्त एकदा त्यांनी साफ नकार दिला. सी विंगमधल्या गृहस्थांनी फडक्याखाली झाकलेला पिंजरा आणला. आतून "विठ्ठल विठ्ठल" ऐकू येत होतं. नानांनी फडकं वर केलं, पुन्हा खाली सोडलं. "हा आपल्याकडचा राघू. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा पाळताच येत नाही. हा माझ्याकडे सापडला तर तो विठ्ठल म्हणत राहील आणि मी विटेवर उभा राहीन." गृहस्थ पिंजरा घेऊन परत गेले. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांनी त्यांना वन खात्याचा पत्ता लिहून दिला, पिन कोडसकट.

सरकारी कागद वाचायची त्यांची सवय आमच्याही कामी आली. कमिटीने 'कुत्र्यांना लिफ्टबंदी' असा फलक लावला, तेव्हा नानांनी पशु कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक शेजारी चिकटवलं. त्यात सोसायटीला असली बंदी घालता येत नाही, असं म्हटलं आहे. खाली त्यांनी शाईने भर घातली: "तथापि शी उचलणे ज्याचे त्याने." तेव्हापासून दोन्ही पक्ष त्यांना मानतात आणि दोन्ही पक्ष त्यांना टरकून असतात.

नानांचं खरं रूप मला लक्ष्मीपूजनाच्या रात्री दिसलं. आम्ही पाडव्याला निघणार होतो. फराळाचं ताट घेऊन गेलो तर काकूंनी न बोलता न्हाणीघराकडे बोट दाखवलं. आत नाना पाटावर बसलेले. खिडकीला गोधडी ठोकलेली, रेडिओ मोठ्याने चालू, आणि सभोवती चार कुत्री. ३४ किलोंच्या ब्रूनोने डोकं नानांच्या काखेत खुपसलं होतं. एक पामेरियन बादलीत बसलं होतं. बाहेर लड लागली की चौघांच्या अंगावरून एकच शहारा जाई.

"आपल्या कानाला कंपनं ऐकू येतात २० हजारांपर्यंत," नाना रेडिओच्या वरताण ओरडले. "यांना ४० हजारांच्या वर. तुमचा लवंगी बार यांना तोफ वाटतो!" त्यांच्या हातात एक पिवळं पडलेलं पुस्तक होतं. लड थांबली की ते त्यातून मोठ्याने वाचत. नीट ऐकलं तर ती पोस्टाची जुनी नियमपुस्तिका. बेवारस पार्सलाची विल्हेवाट कशी लावावी, हा भाग चालला होता. तिसऱ्या उपनियमाला पामेरियनने बादलीच्या कडेवर मान टाकली. पाचव्याला ब्रूनो घोरायला लागला.

"काय वाचतोय याला महत्त्व नाही," नाना कुजबुजले, "एका सुरात वाचलं पाहिजे. आणि या खात्याइतकं एका सुरात कुणी लिहिलेलं नाही."

ताटातल्या चिवड्याकडे त्यांची नजर गेली. "बेदाणे आहेत का यात? मग वर ठेवा. बेदाणा, द्राक्ष, चॉकलेट, कांदा, यांतलं काही यांच्या पोटात जाता कामा नये. मूत्रपिंडं जातात एखाद्याची." मी चिवडा गीझरवर ठेवला आणि दार लोटून घेतलं.

पाडव्याला आम्ही बंड्याला सोपवलं आणि केरळला गेलो. नानांचे निरोप येत, पण एकेका आकड्यात. ही पद्धत तारेची. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं त्यांनी मावळातल्या एका गावी काढली. तिथे पत्रवालाही तेच आणि तारवालाही तेच. तारेत शब्दाशब्दाला पैसे पडत. शुभेच्छांच्या तारांना तर ठरलेले नंबर असत. नंबर लिहिला की पलीकडे अख्खं वाक्य उमटे. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. नानांनी ती व्हॉट्सॲपवर चालू ठेवली. १ म्हणजे जेवला, २ म्हणजे फिरून आला, ३ म्हणजे पोट साफ, ४ म्हणजे झोपला, ५ म्हणजे खोडी केली, ६ म्हणजे खोडी केली पण तुम्ही भरून द्यायची. छापील कार्डावर ७ पर्यंत नंबर होते. आम्हाला अलेप्पीच्या होडीत बसून रोज रात्री येई: १, २, ३, ४. एकदा ५. बायको म्हणाली, "बघ, आपली आठवणसुद्धा काढत नाही मेला." ती हे हसत म्हणाली आणि मग बराच वेळ पाण्याकडे बघत बसली.

सहा दिवसांनी परतलो. नानांनी रजिस्टर पुढे केलं. सोडवून घेताना मालकाने सही करायची असते: 'जनावर सुस्थितीत मिळाले'. सही करता करता माझी नजर वरच्या ओळींवर गेली. पहिल्या रात्रीच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: "९ ते १२॥ दाराशी. पाणी घेतलं नाही. नं. ७." आणि पुढे कंसात: "पाठवला नाही."

मी खिशातलं कार्ड काढून पाहिलं. नंबर ७: 'वाट बघतो आहे.'

"नाना, हे कळवलं नाहीत?"

"कळवून काय केलं असतंत? होडीतून उडी मारणार होतात?" नानांनी पेनाचं टोपण लावलं. "गावी वाईट तार आली की मी आधी बघायचो, घरात दुसरं माणूस आहे का. नसलं तर शेजारच्याला बोलवायचो, मग तार द्यायचो. आणि माणूस जिथून उठून येऊ शकत नाही, तिथे तसली तार पाठवायची नसते."

"मग साडेबाराला काय झालं?"

"काय व्हायचंय? मीही जाऊन दाराशी बसलो. त्याला वाटलं, आता पहाऱ्याला दुसरा माणूस आलाय, आपण झोपायला हरकत नाही. विचार करतो म्हटलं नव्हतं का मी?"

बंड्या नानांच्या पायावर बूड टेकून बसला होता. आम्हाला बघून शेपूट हलवत होता, पण पाय सोडत नव्हता. मी सही केली. दिवाळीच्या दीडपट दराने सहा दिवसांचे ३६०० झाले होते. मी ४००० ठेवले आणि वर केळ्याच्या वेफर्सची पिशवी.

नानांनी ४०० रुपये मोजून परत केले. पिशवी ठेवून घेतली.